पुण्यात कॉन्फरन्सला येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार शब्द

तर तुम्ही शहरी वाहतुकीवरच्या कॉन्फरन्सला पुण्यात येताय, अभिनंदन, आयोजकांनी विषयाला साजेसं गाव शोधलंय. ब्रोशरमध्ये 'पूर्वेचं ऑक्सफर्ड' वगैरे छापलेलं असेलच, ते वाचायला भरपूर वेळ मिळेल कारण हॉटेल बाणेरला आणि हॉल कॅम्पात. उद्घाटन चुकलं तरी वाईट वाटून घेऊ नका, खरं सेशन विद्यापीठ चौकातच होतं, प्रॅक्टिकलसकट. तिथला फ्लायओव्हर आम्ही २०२० मध्ये पाडला आणि मग त्याच जागी दुमजली बांधायला घेतला, चांदणी चौकातला जुना पूल तर २०२२ मध्ये स्फोटकं लावून उडवला आणि लोक तो बघायला रात्री जागले, आता सांगा वाहतुकीत इतका रस घेणारी जनता दुसरीकडे कुठे मिळणार?

बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांचा, विषय मात्र काढू नका. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर आम्ही ती सुरू केली, देशात पहिली बरं का, हे कोणीही छाती फुगवून सांगेल. पुढे काय झालं असं विचारलंत की नेमका चहा येतो.

रिक्षावाल्याला गळ्यातला तो बॅज दाखवू नका, भाडं वाढतं. नुसतं "कॅम्प?" म्हणा. तो तुमच्याकडे न बघता "नाय" म्हणेल आणि निघून जाईल, यात वैयक्तिक काही नसतं, आम्हालाही तसंच करतात. पत्ता विचारायचा तर काकांना विचारा, पण "तिथे कशाला जायचंय तुम्हाला?" याचं उत्तर आधी तयार ठेवा, ते पटलं तरच रस्ता सांगतात.

फिरायचं असेल तर शनिवारवाडा आहे. आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला, आता जोती आणि कारंजी बघायची. पण दिल्ली दरवाजा नीट बघा, हत्तींनी धडक देऊ नये म्हणून त्याला टोकदार खिळे ठोकलेत, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांचं स्वागत करायची आमची पद्धत किती जुनी आहे ते कळेल.

आणि जाताना बाकरवडी घ्याच, फक्त पेठेतल्या दुकानात दुपारी दोनला जाऊन शटर वाजवू नका, माणूस झोपलेला असतो. चारनंतर जा, सुट्टे पैसे काढून ठेवा, आणि "ताजी आहे ना?" असं चुकूनही विचारू नका, नाहीतर "शंका असेल तर घेऊ नका, मागच्यांना पुढे येऊ द्या" एवढं ऐकून रिकाम्या पिशवीनं एअरपोर्ट गाठावा लागेल, तोही संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून.