सायनसचा एक्स-रे नॉर्मल आला, मग सीटी कशाला? तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एकच स्टार दिलात. वडिलांचा एक्स-रे आम्ही नॉर्मल दिला, दहा दिवसांनी आमच्याकडेच सीटी काढावा लागला आणि त्यात सायनसचा आजार निघाला. पहिले पैसे पाण्यात गेले, शिवाय एमआरआय असताना रेडिएशन कशाला, असं तुमचं म्हणणं. वडिलांच्या रिपोर्टमधलं काही मी इथे चारचौघांत लिहिणार नाही. तपासण्यांबद्दल मात्र लिहितो.

सायनससाठी जो एक्स-रे काढतात, तो वॉटर्स व्ह्यू. पद्धत १९१५ सालची. गालाच्या हाडातल्या सायनसमध्ये, म्हणजे हवेच्या पोकळीत, पाणी साठलं असेल तर त्याची आडवी रेघ त्यात दिसते. पण दोन डोळ्यांच्या मधोमध मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे असतात, त्यांच्यावर चेहऱ्याची बाकीची हाडं येऊन पडतात आणि सगळं एकात एक मिसळतं. जुनाट दुखणं बरेचदा तिथेच दडलेलं असतं. सीटी तोच भाग पातळ कापांत उलगडतो. निचऱ्याची वाट नेमकी कुठे बुजली ते कळतं. दुर्बिणीने ऑपरेशन करायचं ठरलं तर सर्जन आधी हाच नकाशा मागतात.

एमआरआयला रेडिएशन नाही, हे खरं. पण त्यात हवाही काळी आणि पातळ हाडही काळंच. बुरशीचा घट्ट झालेला स्राव तर कधी इतका काळा दिसतो की भरलेलं सायनस रिकामं वाटावं. आजार डोळ्याकडे किंवा मेंदूकडे सरकल्याची शंका असेल, तिथे एमआरआयला तोड नाही. २०२१ मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांनी आम्हाला ते दाखवलं. सायनसच्या सीटीचं रेडिएशन साधारण अर्धा ते एक मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) असतं. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतं. (चार दिवसांच्या साध्या सर्दीला यातली एकही तपासणी लागत नाही, हेही सांगून ठेवतो.)

आता आमची चूक. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे सायनस निरोगी असं नाही, ही ओळ आमच्या रिपोर्टवर नव्हती. घरचे लोक 'नॉर्मल' वाचून निर्धास्त होतात, त्रास मात्र रुग्ण सोसत राहतो. तुमच्या वडिलांचे ते दहा दिवस मला खरंच बोचले. माफ करा. ती ओळ कालपासून मराठीत छापायला घेतली आहे. जुन्या सर्दीच्या रुग्णाकडे एक्स-रेची चिठ्ठी असेल, तर पैसे घेण्याआधी आम्ही त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारू.

एक्स-रेचे पैसे काउंटरवर परत मिळतील, पावती नसली तरी चालेल. वडिलांनाही सोबत आणा. दुपारी चारनंतर मी असतो; सीटीची चित्रं स्क्रीनवर लावून दोघांनाही नीट समजावून सांगेन.