बिलाच्या खिडकीवर सगळे विचारता, हेही विचारा

आज दुपारी इंदूरच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात जे पाहिले, त्याने अजून मन थाऱ्यावर नाही. आमच्या रामबागेतल्या शेजारच्या काकूंनी, व्हेंटिलेटरवर असलेल्या काकांच्या कानाशी दोन मिनिटे दत्तनाम घेऊ द्यावे, एवढीच विनंती केली होती. भेटीची वेळ सुरू होती, तरीही अतिदक्षता विभागाच्या दारावरच्या गार्डने ‘पूजा-पाठ बाहर कीजिए, माताजी’ म्हणून त्यांना परत पाठवले. काकूंनी जपमाळ मुकाट्याने पिशवीत ठेवली.

दत्तभक्त संत नाना महाराज तराणेकरांच्या या गावात, आजाऱ्याच्या उशाशी बसून नाव घेणे हे औषधपाण्याइतकेच स्वाभाविक आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझे बाबा शेवटच्या आजारपणात अशाच एका विभागात होते. दिवे अहोरात्र चालू, यंत्रांचा आवाज अखंड, भोवती सगळे अनोळखी चेहरे. दिवस आहे की रात्र हेच न कळल्यामुळे ते घाबरेघुबरे होत आणि नळ्या ओढू पाहत. तिथल्या केरळच्या एका सिस्टरने आईला तिचा जप मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणायला सांगितले. त्या रात्री सिस्टरने तो मोबाइल नीट पुसला, स्वच्छ पारदर्शक पिशवीत गुंडाळला, बाबांच्या मास्कचा पट्टा कानावरून जरासा सरकवला आणि मोबाइल उशीवर ठेवला. मी काचेतून पाहत होतो. थोड्या वेळाने बाबांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला, जप मोजताना फिरत असे तसाच. तो औषधाच्या गुंगीचा परिणाम होता, असे कोणी म्हणेल. असेलही. पण त्या रात्री त्यांनी नळी ओढली नाही, आणि आई बऱ्याच दिवसांनी झोपली.

मला चीड येते ती याची, की बाबांना जे मिळाले ते एका सिस्टरच्या चांगुलपणामुळे मिळाले आणि काकूंना जे नाकारले गेले ते एका गार्डच्या मर्जीने. रुग्ण दाखल होताना विमा विचारतात, आधार कार्ड मागतात, आगाऊ रक्कम भरून घेतात. या माणसाला धीर कशाने येतो, हे मात्र कोणीही विचारत नाही. हा काही भाबड्या भक्तांचा हट्ट नव्हे. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी शरीराच्या दुखण्याबरोबर मनाचे, नात्यांचे आणि आध्यात्मिक दुःखही वेदनेतच मोजले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येतही आध्यात्मिक प्रश्नांची दखल हा उपशामक, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या, उपचारांचाच भाग मानला आहे. मग आमच्याकडे हा विषय गार्डच्या खुर्चीपाशीच का संपतो?

ऑक्सिजन चालू असताना निरांजन पेटवता येत नाही, शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात गंगाजल घातले तर ते फुप्फुसात उतरू शकते आणि बाहेरच्या फुला-अंगाऱ्यातून संसर्गाचे भय असते; हे सगळे मान्य. म्हणूनच तर काय चालेल आणि काय चालणार नाही, हे समजावून सांगणारे जबाबदार माणूस तिथे हवे. डॉक्टर आणि सिस्टर कामाने पिचलेले असतात, त्यांच्यावर माझा राग नाही. आईला ज्या मायेने त्या सिस्टरने सगळे समजावले, ते आठवले की राग टिकतही नाही.

आणि हे केवळ आपल्या देवाधर्मापुरते नाही. कोणाला कलमा ऐकायचा असेल, कोणाला गुरबाणी. माझ्या एका मित्राच्या नास्तिक वडिलांना फक्त दुरावलेल्या भावाला एकदा भेटायचे होते. ती भेट घडवून आणणे हीसुद्धा धीर देण्याचीच सेवा आहे.

उद्या सकाळी काकूंबरोबर जाऊन मी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला लेखी अर्ज देणार आहे. दाखल करतानाच्या अर्जावर ‘रुग्णाला धीर कशाने येतो?’ हा प्रश्न छापावा आणि गार्डने नव्हे, तर कामावरच्या सिस्टरने किंवा डॉक्टरांनी नातेवाइकांना उत्तर द्यावे, एवढेच त्यात मागितले आहे. इथल्या अतिदक्षता विभागांत काम करणारे जे डॉक्टर माझ्या मित्रयादीत आहेत, त्यांनी हा अर्ज कोणाच्या नावे द्यावा ते कृपया आज रात्रीच कळवावे, कारण काकांची प्रकृती नाजूक आहे.