अमेरिकेत मिश्रवंशीय चौपट झाले, की मोजणी बदलली?

‘अमेरिकेत दहा वर्षांत मिश्रवंशीय जवळपास चौपट झाले, दोन कोटी गोरे कमी झाले, म्हणजे तिथली वंशाची भिंत पडली.’ हा मजकूर अजूनही फिरतो आहे आणि चांगली वाचणारी माणसंही तो पुढे पाठवतात. त्यातले आकडे खरे आहेत. एकाहून अधिक वंश नोंदले गेलेले लोक २०१० च्या जनगणनेत ९० लाख होते, २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख. वाढ २७६ टक्के. त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा आहे.

आधी ‘चौपट’ घेऊ. ही वाढ जन्मांतून झाली म्हणावी, तर त्या दहा वर्षांत तिथे जन्मलेल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील वेगवेगळ्या वंशांचे असायला हवे होते. प्रत्यक्षात २०१५ साली नव्याने लग्न झालेल्यांमध्येही आंतरवंशीय विवाह करणारे साधारण १७ टक्केच होते. मग उरलेली माणसं आली कुठून?

ती आली फॉर्ममधून. २०२० मध्ये ‘गोरा’ आणि ‘काळा’ या पर्यायांखाली पहिल्यांदाच मूळ लिहायला मोकळी जागा दिली गेली. शिवाय २०१० मध्ये लिहिलेल्या उत्तराची पहिली ३० अक्षरंच नोंदवली जात; ती मर्यादा २०० वर गेली. आता एक माणूस डोळ्यांसमोर आणा. आजी-आजोबा मेक्सिकोचे. तो ‘गोरा’वर खूण करतो आणि खालच्या ओळीत ‘मेक्सिकन’ लिहितो. त्याने आपलं मूळ सांगितलं, दुसरा वंश नव्हे. पण वर्गीकरणाच्या नियमात ‘मेक्सिकन’ हे ‘अन्य वंश’ या गटात मोडतं. झालं, तो मिश्रवंशीय ठरला, आणि त्याला याचा पत्ताही नाही. ‘गोरा आणि अन्य’ अशी नोंद झालेले २०१० मध्ये १७ लाख होते, २०२० मध्ये १ कोटी ९३ लाख. एकूण वाढीतला सत्तर टक्के वाटा या एकाच जोडीचा आहे!

दोन कोटी गोरे ‘कमी’ झाले तेही बरेचसे असेच. फक्त ‘गोरा’ एवढीच नोंद असलेले २२ कोटी ३६ लाखांवरून २० कोटी ४३ लाखांवर आले. पण ‘गोरा’ एकटा किंवा दुसऱ्या वंशासोबत, असे सगळे धरले तर आकडा २३ कोटी १० लाखांवरून २३ कोटी ५४ लाखांवर गेला, म्हणजे वाढलाच. गोऱ्या समाजाचं वय वाढतंय, जन्म घटताहेत, हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण दोन कोटी माणसं नाहीशी झालेली नाहीत.

या मजकुराच्या मुळाशी असलेला समज मला सर्वांत जास्त खटकतो: जनगणना म्हणजे जणू रक्ततपासणीच. तिथे १९५० पर्यंत दारात आलेला प्रगणकच बहुधा माणूस पाहून वंश लिहीत असे. १८९० मध्ये तर काळं रक्त निम्मं, पाव की आठवा हिस्सा, यानुसार वेगळे शब्द होते. आणि आपल्याकडून गेलेले लोक? १९२० ते १९४० च्या जनगणनांत त्यांचा वंश ‘हिंदू’ असा लिहिला जाई, धर्म कोणताही असो. कॅलिफोर्नियात शेती करणारा पंजाबी शीख १९३० मध्ये ‘हिंदू’, १९७० मध्ये ‘गोरा’ आणि १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’. माणूस तोच, शेतही तेच.

‘भिंत पडली’ याबद्दल एवढंच की फॉर्मवरच्या खुणेतून पगार, घर किंवा पोलिसांची वागणूक कळत नाही.

खरी वाढ आहेच. एकाहून अधिक वंशांवर खूण करायची मुभा पहिल्यांदा २००० मध्ये मिळाली; तेव्हा ६८ लाख, २०१० मध्ये ९० लाख. दहा वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश वाढ ही काही लहान गोष्ट नाही. १९६७ पर्यंत ज्या देशात अनेक राज्यांत आंतरवंशीय लग्न गुन्हा होतं, तिथल्या या कुटुंबांची हकीकत फुगलेल्या आकड्याखाली दबते, याचं मला फार वाईट वाटतं.

मार्च २०२४ मध्ये तिथे नियम पुन्हा बदलले. आतापर्यंत ‘गोरे’ धरले गेलेले लेबनीज, इजिप्शियन, इराणी यांच्यासाठी वेगळा गट ठरला, आणि ‘तुम्ही हिस्पॅनिक (म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांतल्या मुळाचे) आहात का?’ आणि ‘वंश कोणता?’ हे आतापर्यंत वेगळे असलेले दोन प्रश्न एक करायचं ठरलं. हे पुढच्या जनगणनेत अमलात आलं, तर गोऱ्यांचा आकडा पुन्हा घसरेल आणि मिश्रवंशीयांचा पुन्हा हलेल. तेव्हा असाच मजकूर तुमच्या फोनवर आला, तर आधी दोन्ही वेळचे फॉर्म शेजारी ठेवून बघा.