वेळासला रिसॉर्ट नाही म्हणून काय अडले?

कोकणातल्या पर्यटनाविषयी एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. मोठे रिसॉर्ट आल्याशिवाय गावात पैसा येत नाही, ग्रामस्थांना विचारत बसले की कामे रखडतात आणि पर्यटकांच्या संख्येवर बंधन घालणे म्हणजे दारी आलेली लक्ष्मी परत पाठवणे, असे त्याचे म्हणणे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे गाव, जिथे कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला पर्यटक येतात, ते पाहिले की यातले फारसे काही टिकत नाही.

पहिला मुद्दा पैशाचा. कासवांच्या हंगामात वेळासला येणारा पर्यटक ग्रामस्थांच्या घरी उतरतो आणि तिथेच जेवतो, त्यामुळे त्याने मोजलेले पैसे थेट त्या घरात पडतात. रिसॉर्टचा मालक आणि पुरवठादार बाहेरचे असले, तर गावाच्या वाट्याला बहुधा पहारा आणि साफसफाईची कामे उरतात. वेळासचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा आहे आणि ज्याचे घर पाहुणे उतरवण्याजोगे नाही त्याला लाभ कमी मिळतो, हे खरे. पण त्यावरचा उपाय रिसॉर्ट नव्हे.

ग्रामस्थांच्या सहभागामुळे काम रखडते, हा आक्षेप तर इथे उलटाच पडतो. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभरच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत आणि उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने 2002 साली येथे संवर्धन सुरू केले, तेव्हा पहाटे वाळूतला माग ओळखणारी, घरटे शोधून अंडी तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात कुंपणाआड हलवणारी आणि पुढे सुमारे पन्नास दिवस त्यांची राखण करणारी माणसे गावातूनच उभी राहिली. कासव महोत्सव 2006 पासूनचा. आधी ग्रामस्थांचे काम उभे राहिले आणि पर्यटक त्यानंतर आले, हा क्रम त्या मजकुराच्या लेखकाने बहुधा पाहिलेलाच नाही.

राहिला बंधनांचा प्रश्न. अंड्यातून निघालेली पिल्ले उजेडाच्या दिशेने सरकतात. किनाऱ्यालगत दिव्यांचा झगमगाट असेल तर ती समुद्राऐवजी तिकडे वळतात. जे पाहण्यासाठी लोक येतात तेच नष्ट करणाऱ्या सोयींना विकास म्हणणे विचित्र आहे. साताऱ्याच्या कास पठारावरही फुले तुडवली जाऊ लागल्यावर आसपासच्या गावांच्या समित्यांमार्फत प्रवेशशुल्क आणि दिवसाला 3,000 पर्यटकांची मर्यादा आली; म्हणून तिथली रीघ काही आटली नाही.

शिवाय पिल्ले नेमकी कधी बाहेर येतील याची हमी कोणालाच देता येत नाही. सकाळी ती दिसली नाहीत तर पर्यटक संध्याकाळपर्यंत थांबतो, आणि त्याचे दुपारचे पान गावातल्याच एखाद्या घरी वाढले जाते.