‘जुनं धनुष्य ओळखा’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

‘जुनं रिकर्व्ह धनुष्य (टोकं पुढे वळलेलं) कोणाचं, किती सालचं, ओळखा पाच खुणांनी’ असा एक मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि लालबागच्या माझ्या मावसभावाने, दादाने, तो खरा मानला. काका बोटीवर होते. त्यांनी अमेरिकेतून आणलेलं बेअर कंपनीचं धनुष्य इतकी वर्षं माळ्यावर नीट होतं. आता नाही.

कारण मेसेजमधली चौथी खूण: ‘बाण न लावता दोरी पूर्ण खेचून सोडा. आवाज खणखणीत आला तर माल अस्सल.’ हे लिहिणाऱ्याने आयुष्यात धनुष्य हातात धरलेलं नाही. खेचलेल्या धनुष्यात साठलेली ताकद बाण असला की बहुतेक बाणच घेऊन जातो. बाण नसला की ती लिंबवर (मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या पात्यांवर) आणि दोरीवर उलटी आदळते. याला ड्राय फायर म्हणतात, आणि तिरंदाजीच्या कुठल्याही वर्गात पहिल्याच दिवशी ते करू नका म्हणून बजावतात. नव्या धनुष्यालाही ते सोसत नाही. इथे तर लाकूड आणि फायबरग्लास धरून ठेवणारा डिंकच पन्नास वर्षांहून जुना. दादाच्या धनुष्याच्या वरच्या लिंबवर टोकापासून चार बोटांवर फायबरग्लास सुटलंय. नखाने दाबलं की पांढरी रेघ मिटते, सोडलं की उघडते. लिंब तुटून डोळ्यात गेला असता तर?

दुसरी थाप सालाची. ‘कॅनडा १९५३ लिहिलंय म्हणजे १९५३ची बनावट.’ अहो, ते कॅनडातल्या पेटंटचं साल आहे. पुढे कित्येक वर्षं बनलेल्या धनुष्यांवरही तेच छापलेलं असतं. साल काढायचं तर बेअरच्या अनुक्रमांकाची पद्धत बघा: १९६५ ते १९६९ या काळात त्यातला पहिला अंक सालाचा असे. दादाच्या धनुष्यावर ‘के’ अक्षरापुढे ७ आहे, म्हणजे १९६७. या पाच वर्षांबाहेरच्या क्रमांकावरून मात्र साल निघत नाही. धनुष्यावर छापलेलं गावाचं नावही उपयोगी पडतं. कंपनी १९७८ साली मिशिगनमधल्या ग्रेलिंगहून फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेली.

धनुष्यावर हॅशच्या (#) चिन्हाशेजारी असलेला ४५ हा ‘पंचेचाळिसावा नग’ नव्हे. ते ताकदीचे पौंड आहेत, सहसा दोरी २८ इंच खेचायला लागणारे.

धनुष्याच्या मुठीत बसवलेल्या नाण्याबद्दल (कंपनीच्या गोल बिल्ल्याबद्दल) मेसेज अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करते. बेअरने १९५९पासून मुठीच्या लाकडात सपाट नाणं बसवायला सुरुवात केली, आणि सत्तरच्या दशकात ते वर उचललेलं आलं. तेव्हा नाण्यावरून काळाचा अंदाज येतो. पण ‘नाणं चांदीचं, काढून सोनाराला दाखवा’ हे कशाला? ते उचकटलंत तर असलेली खूणही गेली.

आणि ‘जड लाकूड म्हणजे संस्थानिकांच्या काळातलं’? लिंबवर फायबरग्लास असेल तर धनुष्य दुसऱ्या महायुद्धानंतरचं. विषय संपला.

तुमच्याकडे असं धनुष्य असेल तर दोरी चढवण्याआधी कापसाचा बोळा लिंबच्या टोकापासून मुठीपर्यंत दोन्ही बाजूंनी हलका फिरवा. तंतू जिथे अडकेल तिथे तडा आहे. तसं धनुष्य खेचू नका, भिंतीवर लावा.