‘नुसता वाचला, कॉपी कुठे केला?’

हिंजवडीच्या बसमधल्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: ‘लीक झालेला सोर्स कोड नेटवर आहेच. वाचा, समजून घ्या, फाइल बंद करा आणि ओपन सोर्ससाठी आपल्या पद्धतीने लिहा. कॉपी-पेस्ट नाही म्हणजे केस नाही. भारतात तर रिव्हर्स इंजिनिअरिंग कायदेशीरच आहे.’ सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा प्रोग्राम आणि रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणजे तयार प्रोग्राम उलगडून तो कसा चालतो ते शोधणं.

‘नेटवर आहेच’ यात दम नाही. विंडोज २००० चा काही कोड २००४ मध्ये फुटला, एक्सपीचा २०२० मध्ये. कोड फुटला, कॉपीराइट होता तिथेच राहिला.

‘आपल्या पद्धतीने लिहा’ इथे खरी मेख आहे. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो, हे कबूल. पण वाद झाला की दोन गोष्टी बघतात: मूळ कोड तुमच्या हाती लागला होता का, आणि साम्य किती. ‘मी स्वतंत्रपणे लिहिलं’ हे न वाचलेला माणूस छातीठोक सांगू शकतो. वाचलेल्याचं कोण ऐकणार?

मध्यंतरी कर्वे रोडवर चहा पिताना एका मित्राचा ड्रायव्हर पॅच (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्राममधला बदल) बघत होतो. रजिस्टर (चिपमधल्या सेटिंगच्या जागा) लिहायचा क्रम चिपच ठरवते, त्याबद्दल तक्रार नाही. पण मध्येच ३७ मिलिसेकंदांचा थांबा. चिपच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये नाही, मोजलेलाही नाही. “हा आकडा कुठून आणलास रे?” तो कपाकडे बघत बसला. जुन्या कंपनीच्या कोडमधला होता. डोक्यात राहून गेलेला. तिथला गोपनीयतेचा करार तर वेगळाच.

अमेरिकेत अल्ताई कंपनीचं हेच झालं. जुन्या नोकरीतून आलेल्या प्रोग्रामरने कॉम्प्युटर असोसिएट्सचा कोड आणला. सुमारे ३० टक्के प्रोग्राम त्यातून उतरला. वरच्यांना पत्ता नव्हता, तरी ३,६४,४४४ डॉलर भरपाई बसली. मग त्याला बाजूला ठेवून आठ जणांनी तो भाग नव्याने लिहिला. १९९२ च्या अपिलात ती आवृत्ती कॉपीराइटच्या दाव्यातून सुटली.

राहिला भारतीय कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ इंटरऑपरेबिलिटीसाठी, म्हणजे आपला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून चालावा यासाठी, सूट देतं; तीही प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, आणि हवी ती माहिती इतरत्र सहज मिळत नसेल तरच. लीकची झिप फाइल त्यात कशी बसवणार?

वाइनवाले (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा ओपन सोर्स प्रकल्प) म्हणूनच विंडोजचा सोर्स पाहिलेल्यांचे पॅच घेत नाहीत. रिअ‍ॅक्टओएसवर (ही विंडोजसारखी ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम) २००६ मध्ये विंडोजमधून कोड घेतल्याचा नुसता आरोप झाला, तर सगळा कोड तपासायला बसावं लागलं.

मित्राने पॅच मागे घेतला. आता तो फक्त टेस्टिंग करतो. ड्रायव्हर लिहितेय बाणेरची एक मुलगी, जिने त्याची जुनी कंपनी बसच्या खिडकीतूनच पाहिलीये.