‘नुसता हात फिरवला’ या अभिप्रायाला विश्रामबागच्या मालीश केंद्राचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टार काल रात्री वाचला. आईंना पाऊण तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताटकळत ठेवलं, तुम्हाला बाहेर बसवलं, आत वीस मिनिटं ‘नुसता हात फिरवला’, 600 रुपये घेतले आणि वर मिरजेला हाडांच्या डॉक्टरांना दाखवून या म्हणून सांगितलं. ‘यापेक्षा तालमीतला मालीशवाला परवडला’ असंही तुम्ही लिहिलंय.

खुर्चीचं आधी बोलते. चूक आमचीच. बसलं की ज्यांना कळ येते त्यांनाच कडक खुर्चीत बसवायचं, याला काय उत्तर देणार? आधीच्या आजींना वेळ लागत होता, तेव्हाच तुम्हाला फोन करून उशिरा या म्हणायला हवं होतं. आजच बाहेरच्या खोलीत दिवाण टाकलाय. आता कुशीवर पडून थांबता येईल.

हाताच्या जोराबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. माझे वडील कुस्ती खेळायचे. तालमीतलं रगडणं मी लहानपणापासून बघितलंय, आणि पंचविशीतल्या मांडीला ते मानवतं. ओटीपोट, जांघ, माकडहाड इथलं म्हातारपणीचं दुखणं वेगळं. कमरेखालच्या हाडांचं जे खोलगट भांडं असतं, त्याच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. लघवी-शौच धरून ठेवायला तीच लागते. दुखणं जुनं झालं की बऱ्याच जणांची ही झोळी आखडून बसते, आणि आखडली की आणखी दुखते. तिथे जोर दिला की माणूस अंग चोरतो, दात आवळतो, म्हणजे आखडलेलं आणखी आखडतं. म्हणून कुशीवर निजवून, गुडघ्यांमध्ये उशी देऊन, कोमट तेलाने कंबर, कुल्ले, मांडीची आतली बाजू आणि पोट, एवढंच, तेही श्वासाच्या लयीत. श्वास पोटात खाली उतरला की झोळी सैल व्हायला लागते. बघणाऱ्याला यात काहीच चाललेलं दिसत नाही, हे कबूल. (मोबाइलवर बघून ‘आवळा-सोडा’चे व्यायाम करणाऱ्यांनाही सांगते: झोळी ढिली असेल तर ते चांगले, आखडलेली असेल तर त्रास वाढू शकतो. आधी तपासून घ्या.)

डॉक्टरांकडे पाठवलं ते काम टाळायला नव्हे. सत्तरीच्या आसपास बऱ्याच जणांची हाडं ठिसूळ झालेली असतात. माकडहाडाच्या वरच्या हाडाला न पडता-झडतासुद्धा बारीक चीर जाऊ शकते, आणि ती दुखते अगदी साध्या कंबरदुखीसारखी. साध्या एक्स-रेत ती निसटूही शकते, म्हणून डॉक्टरांचं नाव काढलं. आपल्याकडे घरोघरी आजी-आजोबांच्या पाठीवर नातवाला चालायला लावतात. ते बघितलं की माझ्याच पोटात गोळा येतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जोराच्या मालीशने काळंनिळं पडतं. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, लघवीतून रक्त, ताप, वजन उतरणं, बैठकीची जागा बधिर होणं, यातलं एक जरी असलं तरी आम्ही हातच लावत नाही. 600 रुपये पहिल्या दिवसाचे असतात. त्यातला निम्मा वेळ हेच विचारण्यात जातो.

राहिलं तुम्हाला बाहेर बसवल्याचं. मुलगा समोर असला की आपल्या बायका ‘कंबर दुखते’ एवढंच म्हणतात. बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, शिंकताना होणारी फजिती, हे सगळं गिळून टाकतात. पुरुषही यात मागे नाहीत; सुनेसमोर आजोबा गुडघा दाखवतात. आत कोणाला घ्यायचं ते आम्ही पेशंटला विचारतो, आणि त्या सांगतील तसंच करतो. आईंनी काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, तुम्हालाही सांगणार नाही. त्यांना वाटलं तर त्या सांगतील. पण नंतर पाच मिनिटं बाहेर येऊन हे वरचं सगळं तुम्हाला समजावणं माझं काम होतं. ते राहिलं, त्याबद्दल माफ करा.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला तर गुरुवारी दुपारी तीननंतर या. त्या वेळी गर्दी नसते, आईंना थेट आत घेऊ. येताना त्यांच्या चालू गोळ्यांची पाकिटं तेवढी बरोबर आणा.